तेंच उद्यान, पुन्हां पुन्हां

मनुष्य नावीन्याचा भुकेला आहे, असें म्हणण्याचा प्रघात आहे. अतिपरिचयानें अवज्ञा होते, ही म्हण तर शाळेंतल्या मुलालाहि पाठ असते. या न्यायानें पाहिलें तर एखादें कुटुंब दर सुटींत त्याच करमणुकीच्या उद्यानांत जातें, त्याच लाकडी घोड्यांवर मुलांना बसवतें, त्याच उपाहारगृहांत तेच पदार्थ मागवतें आणि परतीच्या वाटेवरच पुढच्या वर्षाचा बेत करूं लागतें, ही गोष्ट विपरीतच म्हटली पाहिजे. युरोपांत आणि अमेरिकेंत अशीं कुटुंबें थोडींथोडकीं नाहींत. तुम्हांला कंटाळा कसा येत नाहीं, असें शेजारी त्यांना विचारतात, आणि त्यांना धड उत्तर देतां येत नाहीं. प्रश्न रास्त आहे. मात्र तो नवा नाहीं. अशा उद्यानांचा इतिहास साडेतीनशें वर्षांहून जुना आहे. त्यांतलीं कांहीं उद्यानें नामशेष झालीं, कांहीं अद्याप तगून आहेत. कोण कशानें बुडालें आणि कोण कशानें तगलें हें पाहिलें, म्हणजे कुटुंबांना कंटाळा येतो कीं नाहीं, आणि येत असल्यास नेमका कशाचा, याचा कांहीं उलगडा होऊं शकतो.

लंडन शहरांत थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर व्हॉक्सहॉल नांवाची एक बाग होती. राजा दुसरा चार्ल्स १६६० मध्यें गादीवर परत आला, त्याच सुमारास ती लोकांना खुली झाली. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स हा १६६२ च्या मे महिन्यांत बायको, दोन मोलकरणी आणि घरचा पोऱ्या यांना घेऊन होडीनें तिकडे गेला होता. पुढें तो तेथें वारंवार गेला. पाहण्यासारखें तेव्हां तेथें झाडें, वाटा आणि पांखरांचें गाणें यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें.

या बागेला नांवलौकिक मिळवून दिला तो जोनाथन टायर्स या कल्पक गृहस्थानें. त्यानें ती १७२९ मध्यें भाडेपट्ट्यानें घेतली आणि १७३२ मध्यें नव्या थाटांत उघडली. पुढें प्रवेशाचा दर एक शिलिंग ठरला, आणि तो १७९२ पर्यंत तसाच राहिला. शिलिंग ही मजुराला जड अशी रक्कम; परंतु दुकानदार, कारकून, लहानसहान व्यापारी यांना बायकामुलांसह वर्षांतून एकदोनदां ती झेपत असे. टायर्सनें वाटांच्या कडेला जेवणासाठीं उघडे कक्ष बांधले व त्यांच्या भिंतींवर चित्रें लावलीं. संगीतकार हँडेल याचा पुतळा त्यानें १७३८ मध्यें, म्हणजे तो कलावंत हयात असतांनाच, बागेंत बसवला. विल्यम होगार्थ या चित्रकारानें त्याला साह्य केलें होतें. त्याबद्दल टायर्सनें होगार्थला सोन्याचें एक कायमचें प्रवेशचिन्ह करून दिलें. तें दाखविलें कीं एका बग्गींत मावतील तितक्या माणसांना आंत सोडीत. तें आज ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. कुटुंबानें पुन्हां पुन्हां यावें, ही मालकाची इच्छा त्या लहानशा सोन्याच्या चकतींत उघड दिसते.

आतां या बागेंत एका पिढीनें काय पाहिलें आणि दुसरीनें काय पाहिलें, हें तपासलें तर मौज वाटते. सायंकाळीं लोक जमत. अंधार पडूं लागला कीं शिट्टी वाजे, आणि ठिकठिकाणीं उभे असलेले नोकर वातींना बत्ती देत. हजारों दिवे जणूं एकाच क्षणीं पेटत. रात्रीं नऊ वाजतां घंटा होई. घंटा ऐकतांच जेवणें अर्धीं टाकून माणसें धांवत सुटत, कारण त्या वेळीं एका पडद्याआडून एक कृत्रिम धबधबा दाखवीत. त्यांत पाणी नव्हतें. यंत्रानें हलणाऱ्या पत्र्याचा तो देखावा होता, आणि तो थोड्याच मिनिटांत संपे. धांवणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं तो मागच्या वर्षीं पाहिलेला असे. त्यांच्याबरोबर धांवणाऱ्या मुलांनीं मात्र पाहिलेला नसे. जेवणाच्या तबकांत डुकराच्या मांसाचे काप इतके पातळ येत कीं त्यांतून वर्तमानपत्र वाचतां येईल, अशी थट्टा सारें लंडन करी. थट्टाहि तीच; बापानें केलेली मुलगा करी आणि नातू तीच ऐकून हंसे. या प्रकाराला कंटाळा म्हणतां येणार नाहीं. घरांतल्या सणाला जसा एक ठरलेला क्रम असतो, तसा तो क्रम होता.

बाग टायर्स घराण्याकडे होती तोंवर हा क्रम फारसा बदलला नाहीं. १८२१ च्या सुमारास ती नव्या मालकांच्या हातीं गेली. नव्या मालकांना घाई होती. आतषबाजी आणि दोरावरची नाचणारीण बागेंत यापूर्वींच आली होती. आतां त्यांच्या जोडीला आणखी नवलें आलीं. १८२७ मध्यें वॉटर्लूची लढाई शेंकडों सैनिकांकरवीं बागेंत खेळवून दाखवण्यांत आली. १८३६ च्या नोव्हेंबरांत चार्ल्स ग्रीन याचा बलून येथूनच उडाला आणि सुमारें ४८० मैलांवर जर्मनींत, नॅसॉच्या मुलखांत, उतरला. गर्दी झाली यांत शंका नाहीं. पण बलून पाहून गेलेला माणूस पुढच्या वर्षीं बलूनहून मोठें कांहीं मागूं लागला. त्याच सुमारास मालकांनीं बाग दिवसा उघडण्याचा प्रयोग केला, आणि तो फारच घातक ठरला. रात्रीं दिव्यांच्या प्रकाशांत जें मंदिर भासे, तें सूर्यप्रकाशांत रंगवलेल्या फळ्या व खांब होऊन उभें राहिलें. चार्ल्स डिकन्सनें तरुणपणीं या दिवसाच्या व्हॉक्सहॉलवर एक लेख लिहिला आहे. त्यांतला विनोद बोचरा आहे, पण त्याखालीं लहानपणींची एक गोष्ट हिरावून नेल्याची तक्रारहि ऐकूं येते.

१८४० मध्यें मालकांचें दिवाळें निघालें. बाग पुन्हां उघडली, पुन्हां बंद झाली, आणि 'निश्चितपणें शेवटची रात्र' अशा जाहिराती इतक्या वेळां निघाल्या कीं त्यांवर कोणी विश्वास ठेवीना. खरी शेवटची रात्र १८५९ च्या जुलैची २५ तारीख. जमिनीला भाव आला होता, आगगाड्या लोकांना समुद्रकिनारीं नेऊं लागल्या होत्या. तेव्हां सारा दोष मालकांच्या नवलांच्या हव्यासावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि ज्या कुटुंबांनीं एक पत्र्याचा धबधबा वर्षानुवर्षें गोड मानून घेतला, तीं कुटुंबें बलूनांच्या काळांत तेथें येईनाशीं झालीं, एवढें खरें.

व्हॉक्सहॉलचें नांव मात्र त्याच्या अखेरीपूर्वींच समुद्रापलीकडे गेलें होतें. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें १८४३ च्या ऑगस्टच्या १५ तारखेला एक उद्यान उघडलें, त्याचें मूळ नांव 'तिव्होली आणि व्हॉक्सहॉल' असें जोडनांव होतें. संस्थापक जॉर्ज कार्स्टेन्सन हा डॅनिश मुत्सद्द्याचा मुलगा, जन्म अल्जीर्सचा. राजा आठवा ख्रिश्चन यानें त्याला शहराच्या तटाबाहेरची जागा दिली. जुन्या खंदकाचा एक तुकडा आजहि उद्यानांतलें तळें होऊन राहिला आहे. परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन पहिल्याच हंगामांत तेथें गेला, आणि तेथील चिनी थाटाच्या सजावटीनंतर त्यानें चीनच्या बादशहाची व बुलबुलाची आपली कथा लिहायला घेतली.

हें उद्यान आज १८० वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याचा विस्तार अवघा सुमारें २० एकरांचा. म्हणजे सबंध दिवस हिंडलें तरी त्याच ठिकाणीं चारपांच वेळां येऊन पोचावें लागतें. असें असूनहि कोपनहेगनचीं घराणीं तेथें पांचसहा पिढ्या जात आलीं आहेत. १८४४ पासून लाल डगले घातलेलें मुलांचें संचलन तेथें निघतें. १८७४ मध्यें बांधलेल्या मूकनाट्यगृहाचा पडदा म्हणजे मोराचा पिसारा आहे. तो दुभंगून मिटला कीं आंत जुन्या इटालियन धाटणीचीं तींच पात्रें येतात, तोच विदूषक मार खातो आणि डॅनिश मुलें त्याच जागीं हंसतात. १९१४ मध्यें एक लाकडी रोलर-कोस्टर उभारला गेला. यंत्रयुग इतकें पुढें गेलें तरी त्या गाडीवर आजहि एक माणूस बसतो आणि हातानें ब्रेक लावतो. एकाच खेळांत गाडी कधीं किंचित अधिक वेगानें जाते, कधीं किंचित कमी. ठरलेल्या वाटेवरचा एवढासा फरक हेंच त्या गाडीचें खरें आकर्षण असावें.

तिव्होलीची कसोटी पाहणारा प्रसंग दुसऱ्या महायुद्धांत आला. १९४० पासून डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यांत होता. रात्रीं दिवे लावण्याची बंदी. आणि दिव्यांवांचून तिव्होली ही कल्पनाच करवत नाहीं. पाउल हेनिंगसेन या वास्तुकारानें वरून, विमानांतून, उजेड दिसूं नये असा दिवा योजला, आणि त्या दिव्यांच्या आधारानें उद्यान रात्रीं उशिरापर्यंत उघडें राहूं लागलें. १९४४ च्या जूनमध्यें जर्मनांच्या डॅनिश हस्तकांनीं आंत स्फोट घडवून संगीतगृहासकट अनेक इमारती जाळल्या. लष्करी दृष्टीनें त्या जागेला कवडीची किंमत नव्हती. तरीहि ती निवडली, याचें कारण हेंच कीं जखम कोठें केल्यानें कोपनहेगनच्या घराघरांत पोचेल हें जाळणाऱ्यांना पक्कें ठाऊक होतें. उद्यान थोड्याच आठवड्यांत पुन्हां उघडलें. जळक्या भिंतींमधून लोक मुलांना घेऊन आले. त्या उन्हाळ्यांत नवें असें दाखवण्यासारखें तेथें कांहींहि नव्हतें.

इंग्लंडांत व्हॉक्सहॉल बुडालें, पण त्याच त्या ठिकाणीं जाण्याची संवय बुडाली नाहीं. ती आगगाडींत बसून ब्लॅकपूलला गेली. लँकेशायर परगण्यांत सुती गिरण्यांचीं गांवें दाट होतीं. प्रत्येक गांवाचा उन्हाळ्यांत एक ठराविक आठवडा असे. त्याला 'वेक्स' म्हणत. त्या आठवड्यांत गांवच्या साऱ्या गिरण्या एकदम बंद राहत आणि सारें गांव समुद्राकडे लोटे. ब्लॅकपूलला रेल्वे १८४६ मध्यें आली. तेव्हांपासून शंभराहून अधिक वर्षें गिरणीकामगारांचीं कुटुंबें तेथें जात राहिलीं, आणि नुसतीं त्याच गांवीं नव्हे तर त्याच घरीं, त्याच घरमालकिणीकडे. निघण्याच्या दिवशींच पुढच्या वर्षाची खोली सांगून ठेवण्याची रीत होती. शेजारच्या खोलींत बहुधा आपल्याच गल्लींतलें बिऱ्हाड असे. १९३८ चा कायदा होईपर्यंत या आठवड्याचें वेतन बहुतेकांना मिळत नसे. वर्षभर दर आठवड्याला कांहीं पैसे मंडळांत भरून ही शिल्लक जमवावी लागे, आणि आठ दिवसांत ती खर्चून माणसें घरीं येत.

या पद्धतींत एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुष्कळ घरांतून जेवणाची सोय अशी होती कीं, सामान कुटुंबानें आणून द्यावें व मालकिणीनें तें रांधावें. मीठमिरीच्या भांड्याचा आकार वेगळा लावला जाई, आणि त्यावरून पुष्कळ विनोद झाले. पण विनोद सोडून पाहिलें तर सुटींतहि बाजाराची पिशवी आईच्याच हातीं होती. बाप वाळूंत पाय पसरून बसे, मुलें गाढवावर बसत, आणि ती मात्र रताळीं कीं बटाटे, मासे कीं मांस, याच विचारांत असे. कुटुंबाला कंटाळा येतो कीं काय, हा प्रश्न विचारतांना कुटुंबांतल्या कोणाला, हेंहि विचारावयास हवें. त्या काळच्या बायका पुन्हां त्याच घरीं जाणें पसंत करीत, त्याचें एक कारण असें दिसतें कीं परक्या घरची चूल, परकी मालकीण, परका बाजार हें सारें नव्यानें समजून घेण्याचा शीण तरी टळे.

ब्लॅकपूलच्या दक्षिणेस वाळूवर १८९६ मध्यें 'प्लेझर बीच' नांवाचें उद्यान सुरू झालें. तेथें १९०४ मध्यें हिरम मॅक्झिमनें टांगत्या विमानांचें एक चक्र उभें केलें. ज्याच्या मॅक्झिम तोफेनें आफ्रिकेंत आणि अन्यत्र हजारों माणसें कापून काढलीं, तोच हा गृहस्थ. त्याची तोफ संग्रहालयांत गेली. त्याचें मुलांना फिरवणारें चक्र शंभर वर्षें उलटून गेल्यावरहि फिरत राहिलें. 'बिग डिपर' ही चढउताराची गाडी १९२३ ची. १९६० नंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, विमानानें स्पेनला जाणें स्वस्त झालें आणि वेक्सचा आठवडा लोपला. ब्लॅकपूलला लोक कंटाळले, असें यावर म्हणतात. तें अर्धवट खरें आहे. सबंध गल्लीनें एकाच गाडींत बसावें, असा गल्लीला बांधून ठेवणारा भोंगाच उरला नाहीं.

अमेरिकेचा अनुभव याच्या उलट वाटेनें जाऊन तेथेंच पोचतो. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड येथें विसाव्या शतकाच्या प्रारंभीं तीन मोठीं उद्यानें शेजारीं शेजारीं उभीं होतीं: १८९७ चें 'स्टीपलचेस', १९०३ चें 'लूना पार्क' आणि १९०४ चें 'ड्रीमलँड'. ड्रीमलँड १९११ मध्यें जळालें आणि मालकांनीं तें पुन्हां बांधलें नाहीं. लूना पार्कचा चालक फ्रेडरिक टॉम्प्सन याचें मत असें कीं लोकांना दर हंगामांत नवें दिलेंच पाहिजे; त्यानें नवे मनोरे, नवे देखावे, नवे दिवे यांवर पैसा ओतला, आणि १९१२ मध्यें तो कर्जांत बुडाला. स्टीपलचेसचा मालक जॉर्ज टिल्यू याची मुख्य गंमत एकच होती: रुळांवरून उतारानें धांवणारे यांत्रिक घोडे. १९०७ मध्यें त्याचें उद्यान जळलें, तेव्हां त्यानें राख पाहण्याचे दहा सेंट लावले आणि त्या पैशाच्या बळावर पुन्हां तेच घोडे उभे केले. तीनहि उद्यानांत स्टीपलचेस सर्वांत अधिक जगलें, १९६४ पर्यंत.

हीं सर्व उद्यानें पाहिलीं म्हणजे एक प्रश्न उरतो. मुलें दर वर्षीं नव्यानें मोठीं होत असतात, तेव्हां त्यांना कंटाळा न येणें समजूं शकतें, आईबापांचें काय? हा प्रश्न वॉल्ट डिस्ने या चित्रपटकाराला एका बाकावर बसून पडला. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्यें तो रविवारीं आपल्या दोन मुलींना घेऊन जाई. मुली लाकडी घोड्यांवर फिरत आणि बाप बाकावर शेंगदाणे खात बसे. बापाला व मुलींना बरोबरीनें कांहीं करतां येईल अशी जागा असावी, असें त्याला तेथें वाटलें, ही हकीकत त्यानेंच पुढें सांगितली आहे. १९५१ मध्यें तो तिव्होलीहि पाहून आला. १९५५ च्या जुलैच्या १७ तारखेला कॅलिफोर्नियांत ॲनाहाइम येथें, संत्र्यांच्या बागा तोडून काढलेल्या १६० एकरांवर, त्याचें 'डिस्नेलँड' उघडलें.

त्याच्या प्रवेशद्वारीं 'मेन स्ट्रीट' हा रस्ता आहे. डिस्नेचें बालपण मिसूरी राज्यांतल्या मार्सलीन या लहान गांवांत गेलें होतें, त्या धर्तीवर १९०० च्या आसपासचा हा अमेरिकन रस्ता त्यानें बांधला. १९५५ चे आजीआजोबा तो पाहून आपलें खरें बालपण आठवीत. ती पिढी केव्हांच गेली. आजचा प्रौढ माणूस त्या रस्त्यावर येऊन डोळे पुसतो तेव्हां त्याला १९०० चें गांव आठवत नाहीं. तो सात वर्षांचा असतांना आजोबांचा हात धरून याच रस्त्यावरून गेला होता, तें आठवतें. जो रस्ता दुसऱ्या कशाची तरी नक्कल म्हणून बांधला, त्याला सत्तर वर्षें झालीं आणि तो स्वतःच कोणाचें तरी गांव होऊन बसला.

फ्लॉरिडांतलें 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' याहून फार मोठें, सुमारें २७,००० एकरांचें. डिस्ने १९६६ मध्यें वारला. भाऊ रॉय यानें तें काम पुरें करून १९७१ च्या ऑक्टोबरच्या १ तारखेला तें उघडलें. येथें केवळ उद्यान नाहीं. राहण्याचीं हॉटेलें, तळीं, जंगल आहे, आणि १९८२, १९८९ व १९९८ मध्यें आणखी तीन उद्यानें जोडलीं गेलीं. ब्लॅकपूलच्या घरमालकिणीचें काम आणि व्हॉक्सहॉलच्या दिव्यांचें काम येथें एकाच धन्याच्या हातीं आलें. तेथें १९७५ पासून असलेल्या 'स्पेस माउंटन' या अंधारांतल्या गाडीपाशीं एक मोजपट्टी आहे. ४४ इंचांहून कमी उंचीच्या मुलाला आंत सोडीत नाहींत. मागच्या खेपेस दीड इंच कमी पडून रडत परत गेलेला मुलगा या खेपेस ताठ मानेनें पट्टीला पाठ लावतो, आणि बाप डोळ्यांनींच इंच मोजतो. गाडी तीच, अंधार तोच. घराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा करणारीं घरें सर्वत्र असतात. कांहीं घरांनीं ती चौकट शेंकडों मैलांवर नेऊन ठेवली आहे, एवढेंच.

म्हणूनच चौकटीला हात लागला कीं तीं चवताळतात. 'मिस्टर टोड' नांवाच्या बेडकाच्या मोटारीचा एक साधासा, जुनाट खेळ तेथें पहिल्यापासून होता. तो काढून टाकण्याचें घाटत आहे असें कळतांच लोकांनीं निषेधाचीं पत्रें धाडलीं, उद्यानांत जमून निदर्शनें केलीं. खेळ १९९८ च्या सप्टेंबरमध्यें बंद झालाच. त्या जागीं दुसऱ्या वर्षीं 'विनी द पू' या अस्वलाचा खेळ आला. त्यांत आंत भिंतीवर एक लहानसें चित्र टांगलेलें आहे: मिस्टर टोड जागेचें खरेदीखत नव्या बिऱ्हाडांतल्या घुबडाच्या हातीं देत आहे. ज्यांना ठाऊक आहे ते मुलांना तें बोटानें दाखवतात. २०२५ च्या जुलैमध्यें १९७१ पासूनची कृत्रिम नदी आणि तिच्यावर चालणारी मोठी चाकाची बोट कायमची बंद झाली. त्या बोटींत कोणताहि थरार नव्हता. ती संथपणें एक फेरी मारी आणि आईबापांचे पाय तेवढा वेळ विसावत.

मालकाच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें आहे. जो प्रथमच येतो त्याला नवें हवें असतें, जो विसाव्या वेळीं येतो त्याला जुनें हवें असतें, आणि तिकीट दोघांनाहि विकावयाचें असतें. पण कुटुंबें खरोखर ज्याला कंटाळतात तें वेगळेंच आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाहीं. १९७१ मध्यें फ्लॉरिडाच्या उद्यानाचा मोठ्या माणसाचा प्रवेश साडेतीन डॉलर होता; खेळांचीं तिकिटें त्याहून निराळीं. आज एका दिवसाला एका माणसामागें १०० डॉलरांहून अधिक लागतात, आणि गर्दीच्या दिवसांत याहून पुष्कळच अधिक. डॉलरची किंमत उतरली हें खरें. पण वाढ तिच्याहि पुढें गेली आहे. रांगेंत न तिष्ठतां आंत जाण्याचा पास १९९९ मध्यें विनामूल्य निघाला. २०२१ पासून त्यासाठीं पैसे मोजावे लागतात. कोणत्या खेळाला किती वाजतां, कोणत्या उपाहारगृहांत कोणत्या दिवशीं, हें सारें आधीं ठरवून ठेवावें लागतें. बाजाराची पिशवी गेली आणि तिच्या जागीं टेलिफोनचा पडदा आला. तो बहुधा आईच्याच हातीं असतो. जीं कुटुंबें जाणें सोडतात तीं त्या लाकडी घोड्यांना किंवा भुताच्या वाड्याला विटलेलीं नसतात. पैसे पुरत नाहींत, पाय दुखतात, आणि विसावा म्हणून केलेला बेत कचेरीच्या कामासारखा होऊन बसतो.

हें सारें ठाऊक असूनहि लोक पुढच्या पन्नास वर्षांसाठीं शब्द देतात. फ्लॉरिडांतल्या डिस्ने कंपनीनें १९९१ मध्यें एक सभासद-योजना काढली. तींत कुटुंबानें आगाऊ रक्कम भरून राहण्याच्या जागेंतला एक हिस्सा विकत घ्यावा, दरवर्षींचा देखभालीचा खर्च द्यावा, आणि वर्षाकांठीं ठरलेल्या मापानें तेथें येऊन राहावें. त्या पहिल्या वसाहतीच्या करारांची मुदत २०४२ सालच्या जानेवारीच्या ३१ तारखेपर्यंत आहे. पहिल्या सभासदांपैकीं ज्यांच्याबरोबर पांच वर्षांची मुलगी होती, ती मुदतीच्या दिवशीं पंचावन्न-छप्पन वर्षांची होईल. आईबाप त्यांपैकीं किती जणांचे असतील हें सांगतां येत नाहीं. करार मात्र वारसांकडे जातो. मध्यंतरीं कंपनीनें जादा रक्कम घेऊन ही मुदत आणखी पंधरा वर्षें, २०५७ पर्यंत, वाढवून देऊं केली, आणि कित्येकांनीं ती वाढवून घेतली.